दोन ओढ्यांमधली वस्ती

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, शाळेतल्या सोबत्यांजवळ नाही, आणि ज्या माणसाजवळ बोलायला पाहिजे होतं त्याच्याजवळ तर मुळीच नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. बघू कुठवर जमतं ते.

आधी माझा स्वभाव सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मी चौकस माणूस. लोक तोंडावर 'अभ्यासू सर' म्हणतात, माघारी 'नसत्या उचापती करणारा' म्हणतात – आणि दोन्ही खरं आहे. आमचं गाव नेकनूर आणि लिंबागणेश यांच्या मधल्या टापूतलं. जवळच्याच एका हायस्कुलात मी भूगोल शिकवतो. पोरांना डोंगर, नद्या, पठारं शिकवतो, पण माझा खरा नाद वेगळाच आहे. हद्दींचा. ही रेष इथंच का? तिकडं दोन हात का नाही? ती कुणी मारली, आणि मारणाऱ्यानं तेव्हा काय बघितलं असेल?

लहानपणी आमच्या रानाच्या कोपऱ्यात तीन गावांच्या शिवा मिळतात तिथं एक दगड होता. एक पाय या शिवारात, एक त्या शिवारात आणि बूड दगडावर टेकून मी तासन् तास बसायचो. आता मी कोणत्या गावचा? एकदा वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "ज्या गावात जेवायला मिळतं त्या गावचा. चल घरी." उत्तर चांगलं होतं, पण माझं समाधान झालं नाही.

मोठा झाल्यावर हा नाद मतदारसंघांवर गेला. मागं फेररचना झाली तेव्हा आमचा सगळा टापू एका मतदारसंघातून उचलून दुसऱ्यात टाकला. तीच ज्वारी, तेच बोअर, तीच भावकी – कुणाच्या चुलीचा दगडसुद्धा हलला नव्हता. पण लग्नाचे मांडव बदलले. जे पुढारी हमखास यायचे ते यायचे बंद झाले, आणि ज्यांना आमच्या गावचा रस्ता माहीत नव्हता ते मांडवात येऊन नवरदेवाच्या चुलत्याला नावानं हाक मारायला लागले. शेजारच्या लग्नात तर माईकवाल्यानं सवयीनं जुन्याच पुढाऱ्यांचं नाव पुकारलं. स्टेजवर फेटा बांधून बसले होते नवे. सगळा मांडव खाली बघायला लागला, आणि नवरीचा बाप माईकवाल्याकडं असा बघत होता की त्याला बिदागी काही मिळायची नाही हे उघड होतं. मला मात्र लई मजा वाटली. कचेरीत कुणीतरी एक रेष सरकवतो आणि इकडं लोक सुतकाला कुणाची वाट बघायची तेसुद्धा बदलतात. कसं होतं हे? का होतं, कावून होतं?

मुंग्यांची रांग जात असली की मी मधनं बोट ओढायचो – लहान होतो तेव्हाची गोष्ट. मुंग्या थबकायच्या, गोल गोल फिरायच्या, एकमेकींना धडकायच्या. मी बसून बघायचो. मारली मी एकही नाही. त्यामुळं आपण काही वाईट करतो असं मला कधी वाटलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतोय खरा – पण आधी गावाचा नकाशा डोळ्यापुढं आणल्याशिवाय तुम्हाला काही कळायचं नाही.

आमच्या गावठाणाच्या उगवतीला ओढा आहे. ओढ्याच्या पलीकडं धनगरवस्ती, आणि तिच्याही पलीकडं मळ्यांमधली विखुरलेली घरं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ओढ्याच्या अलीकडं गावाचे वॉर्ड आणि पलीकडं वस्त्यांचा एक वॉर्ड, असंच चालत आलेलं. वस्त्यांच्या वॉर्डात धनगरवस्ती सगळ्यात मोठी. त्यामुळं तिथला मेंबर कोण, ते त्यांच्या बिरोबाच्या देवळापुढं घोंगडी अंथरून ठरायचं. घोंगडी म्हणजे त्यांची कचेरीच. तिच्यावर ज्याला जागा, त्याच्या शब्दाला जागा.

मग काही वर्षांमागं पाणी अडवायची कामं निघाली. जेसीबी आला आणि वस्तीच्या पलीकडनं, उगवतीच्या अंगानं, सरळ खोल चर मारून त्यानं वरचं सगळं पाणी पाझर तलावाकडं वळवलं. जुना ओढा कोरडा पडला. त्यात वेड्या बाभळी माजल्या. तरी गावात कुणालाही विचारा – ओढा म्हणजे जुनाच. नव्याला सगळे नुसतं 'चर' म्हणतात. चिल्लीपिल्लीसुद्धा. असं करून वस्ती दोन्हींच्या मधी आली.

त्या चरानं वस्तीचे लई हाल केले. त्यांची पाण्याची विहीर आणि मेंढरं चरायचं गायरान, दोन्ही चराच्या पलीकडं राहिलं. कडा इतक्या उभ्या की पावसाळ्यात मेंढरू उतरत नाही. लांबून वळसा घालून कळप न्यायचा, आणि बायकांनी डोक्यावर हंडे घेऊन चिखलातनं चढायचं. चरावर सिमेंटच्या नळ्या टाकून एक छोटा पूल – वस्तीची एवढीच मागणी होती. आणि ती मागणी धरून बसली होती कांता.

कांता माझी विद्यार्थिनी. दहावी करून याच वस्तीत सून म्हणून आली. ग्रामसभेत बाई उभी राहून बोलते हे आमच्या गावानं तिच्यात पहिल्यांदा बघितलं. ती दुसरं काही बोलायचीच नाही. रस्ता म्हटलं की पूल, दिवे म्हटलं की पूल. वस्तीनं ठरवलं होतं, येत्या निवडणुकीत आपल्या वॉर्डातनं कांताला मेंबर करायचं. निवडून येणार हे पक्कंच होतं, कारण वॉर्ड त्यांचा होता.

तिचे चुलत सासरे बिरूआबा. वस्तीतले वडीलधारे. जन्म मेंढरांमागं गेलेला, पण आवाज असा हळू की ऐकायला जवळ जावं लागतं. दरसाल आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे, तेव्हापासनं मी त्यांना ओळखतो. मी पोरगा होतो तेव्हा मला 'ए बारक्या' म्हणायचे. शिक्षक झाल्यावर एका दिवसात 'सर' आणि 'तुमी' करून टाकलं. मी कितीदा म्हटलं, आबा, तसं नका म्हणू. त्यांनी ऐकलं नाही.

तर – प्रभाग रचना निघाली. म्हणजे वॉर्डांच्या हद्दी नव्यानं ठरवायच्या. या हद्दी मनाला येईल तशा काढता येत नाहीत. रस्ता, ओढा, नाला अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवरनं न्याव्या लागतात. तलाठी तरुण होते, बाहेरगावचे, नवीनच आलेले, आणि त्यांच्याकडं चार ठिकाणचा कारभार. माझ्याकडं गावाचा उपग्रहाचा मोठा फोटो छापलेला आहे हे त्यांना कळलं. म्हणाले, सर, पाहणीला चला ना, तुमचा भूगोल आमच्या कामाला येईल. मी काय, मी अर्ध्या भाकरीवरनं उठून गेलो असतो. वस्तीच्या वतीनं पंच म्हणून बिरूआबा आले.

हिवाळ्यातली सकाळ होती. आम्ही तिघं जुन्या ओढ्याच्या काठानं चालत वस्तीतनं पुढं चरापाशी आलो. चरात थोडं पाणी होतं. तलाठी चराकडं बघत थांबले, मग मागं वळून बाभळीच्या रांगेकडं बघितलं, मग फोटोकडं. आणि मला विचारलं, "सर, ओढा कोणता धरायचा?"

इथं मी थांबतो जरा.

कारण तुम्हाला वाटेल, मी गोंधळलो असेन. नाही. मला उत्तर येत होतं. गावातल्या शेंबड्या पोराला येतं ते मला येत नसेल का? आणि दुसरंही सांगतो – फोटोवर मी आधल्या दिवशी घरी पेन्सिल फिरवून बघितली होती. दोन्हींवरनं. जुन्या ओढ्यावरनं रेष गेली तर सगळं होतं तसं. चरावरनं गेली तर धनगरवस्ती अलीकडं येते, गावठाणाच्या वॉर्डात पडते. तिथं मोठमोठ्या घरांपुढं वस्तीची मतं म्हणजे आमटीत चिमूटभर मीठ. कांता पडणार. हे मला पेन्सिल हातात असतानाच दिसलं होतं. आणि दिसल्यावर – मला वाईट नाही वाटलं. मला वाटलं, काय होईल? खरंच तेवढ्यानं होईल?

मी तलाठ्यांना म्हणालो, "पाणी ज्यातनं वाहतं तो ओढा."

वाक्य बघा कसं आहे. पुस्तकातलं. कुणी चूक म्हणू शकणार नाही असं. ते आयत्या वेळी सुचलं असं मी लई दिवस स्वतःला सांगत होतो. पण तेही खोटं आहे. आधल्या रात्री जेवताना मी ते मनात म्हणून बघितलं होतं.

तलाठी आबांकडं वळले. "आबा, बरोबर ना?"

आबांनी एकदा बाभळींकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला अजून दिसतं – संशय नव्हता तो. आपण इतकी वर्षं चुकीच्या जागेला ओढा म्हणत होतो की काय, असं होतं ते. म्हणाले, "सर म्हणत्यात म्हणल्यावर..." आणि मान हलवली.

झालं. चहा घ्यायला आम्ही आबांच्याच घरी गेलो.

मला यातनं काय मिळणार होतं? काहीच नाही. आमच्या घरात राजकारण नाही, गावठाणातल्या पुढाऱ्यांशी माझं देणंघेणं नाही, कांतावर तर माझा जीव होता. लोभानं केलं असतं तर मला स्वतःचा राग नीट करता आला असता. पण मी ते नुसतं बघण्यासाठी केलं. बोट ओढलं, मुंग्या कुठं जातात ते बघायला. माणसं होती ती, हे कळत असून.

आराखडा तयार झाला आणि चावडीच्या फळ्यावर लागला. हरकत घ्यायला मुदत होती. पण त्या दिवसांत वस्ती निम्मी रिकामी असते. कळप घेऊन बिऱ्हाडं माजलगावच्या कॅनॉलकडं जातात, ओल्या रानात मेंढरं बसवायला. कांताचं बिऱ्हाडही तिकडंच. मागं राहिली म्हातारी माणसं, आणि आबा, गुडघ्यांमुळं. शाळेला जाताना माझा रस्ता चावडीवरनंच. मी रोज थांबून बघायचो – कुणी हरकत घेतली का? मीसुद्धा घेऊ शकत होतो. गावचा मतदार आहे. अर्ध्या पानाचं काम होतं, सही करायची आणि देऊन टाकायचं. का नाही केलं? पहिल्या दिवशी वाटलं, बघू अजून कुणी येतं का. मग वाटलं, आता मी उठून सांगितलं तर तलाठी विचारतील, सर, त्या दिवशी तुम्हीच तर म्हणाला होता. मग मुदत संपली. माझी उत्सुकता कधी संपली आणि भीती कधी सुरू झाली, ते मला नेमकं सांगता येत नाही.

निवडणूक झाली. कांता गावठाणाच्या वॉर्डातनं उभी राहिली आणि चांगलीच पडली. पुलाचं तर त्याहून वाईट झालं. चर आता दोन वॉर्डांची हद्द. गावठाणाचा मेंबर म्हणतो, पूल पलीकडच्या वॉर्डाला टेकतो, त्यांनी करावा. पलीकडचा म्हणतो, वापरणार अलीकडचे, आम्ही कावून करू? दोघंही बरोबर बोलतात. नकाशा काढून दाखवतात. मी ते ऐकलं तेव्हा, लाज वाटते सांगायला, आधी मला ते भारी वाटलं. एक रेष, आणि किती काय काय. मग पावसाळ्यात कांता डोक्यावर हंडा घेऊन चराच्या कडेवर चिखलात गुडघ्यावर आलेली दिसली. माझ्याकडं बघून हसली, म्हणाली, "सर, घसरगुंडी." मी मोटारसायकल थांबवली नाही.

त्यानंतर वस्तीतला एकजण तहसिलीत जाऊन विचारून आला की आपली वस्ती इकडं आलीच कशी. तलाठी तोवर बदलून गेले होते. त्याला कुणीतरी सांगितलं – पाहणीला तुमचाच पंच होता, त्यानंच ओढा हा म्हणून मान हलवली. झालं. भावाच्या घरातली सून मेंबर होतेय ते आबांच्या डोळ्यात खुपलं, असं वस्ती बोलायला लागली. बिरोबापुढं घोंगडी पडली. त्रयस्थ माणूस असावा म्हणून मला बोलावलं.

हो. मला. त्रयस्थ म्हणून.

मी गेलो. मला घोंगडीवर मधोमध बसवलं. आबा समोर. कांताच आधी बोलली, आणि भांडायच्या सुरात नाही. देवापुढची भंडाऱ्याची वाटी तिनं पुढं केली आणि म्हणाली, "आबा, भंडारा उचला अन् म्हणा, ओढा म्हणून चर म्या दावला न्हाई. आमी लगीच मानतो. दुसरं काय बी नको."

तुम्हाला माहीत असेल, भंडारा उचलला की विषय संपतो. ती हळद हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही, आणि घेतल्यावर कुणी पुन्हा विचारत नाही. आबांनी हात पुढं केला. बोटं हळदीपर्यंत गेली. मग मागं घेतली.

"मान हलली व्हती माझी," ते म्हणाले. "खोटं कसं उचलू?"

दुसरं काही बोलले नाहीत. 'सरनी सांगितलं म्हणून' – इतकंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी समोर बसलो होतो, वीतभर अंतरावर. ते माझ्याकडं बघतील म्हणून मी वाट बघत होतो. आता बघतील, आता नाव घेतील, मग मला बोलावं लागेल. त्यांनी बघितलंच नाही. आणि मी, जो कुठंही तोंड घालतो, जो लग्नात माईकवाल्याची चूक हसत हसत गावभर सांगतो, तो मी मांडी घालून घोंगडीची लोकर खुडत बसलो. कुणीतरी मला विचारलं, "सर, तुमी काय म्हणता?" मी म्हणालो, "तुमच्या घरचा प्रश्न आहे. मी काय बोलणार?"

आबांना कुणी वाळीत टाकलं नाही. तसलं काही झालं नाही. बोलतात त्यांच्याशी, भाकरी देतात, औषधाला नेतात. फक्त पुढच्या वेळी घोंगडी पडली आणि आबा आले, तेव्हा कुणी सरकलं नाही. ते थोडा वेळ उभे राहिले आणि लिंबाखालच्या दगडावर जाऊन बसले. तेव्हापासनं तिथंच बसतात.

यंदा बिरोबाच्या जत्रेला मी गेलो होतो. न जाणं बरं दिसत नाही. मला बघितल्यावर घोंगडीवरचे चार जण सरकले, या सर, वर बसा. मी बसलो. जेवणं झाल्यावर हात धुवायला लिंबाकडं गेलो, तर आबांनी हाक मारली. जवळ जावं लागलं, आवाज आता आणखी हळू झालाय.

"सर, एक इचारू का? लई दिस मनात हाय."

मी म्हटलं, विचारा. विचारणारच होते की – जाणून केलंत का? मला तसंच वाटलं. आणि खरं सांगतो, मला बरंही वाटलं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. असं मला वाटतं. कोण जाणे.

पण त्यांनी ते विचारलं नाही. म्हणाले, "पाणी वाहतं त्योच वढा, न्हव? पुस्तकात तसंच हाय ना? म्या मान हलवली ती बरोबर हलवली, का चुकलो? तुमचं नाव म्या कुठं काढलं न्हाई. कावून काढायचं, मान तर माझी हलली व्हती. पर ती बरोबर व्हती, एवढं तुमी म्हणलं, तर मला झोप लागंल."

त्या माणसाला माझ्याविषयी शंकाच नव्हती. इतकी वर्षं तो दगडावर बसून स्वतःला तपासत होता.

मी म्हणालो, "बरोबर होती आबा. पाणी वाहतं तोच ओढा."

आबा हसले. चांगले मोकळे हसले. माझा ओला हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "मंग झालं. लोकांचं जाऊ द्या." मग मी घरी आलो.

पूल अजून झालेला नाही. कांता आता ग्रामसभेला येत नाही. आबा लिंबाखालीच बसतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की सरनी पुस्तकात बघून सांगितलंय, माझं चुकलं नव्हतं.

ओढा जुनाच आहे. मला माहीत होतं. त्या सकाळी चराच्या काठावर माहीत होतं, आणि लिंबाखाली त्यांनी माझा हात धरला तेव्हाही माहीत होतं.